विदूषकाची चुटकी आणि विषाची वटी

प्रश्न : आमच्या लहानशा चित्रपट मंडळाने नुकताच ‘द कोर्ट जेस्टर’ हा जुना इंग्रजी विनोदी चित्रपट दाखवला. प्रास्ताविक करणाऱ्यांनी हे रॉबिन हूडच्या चित्रपटांचे विडंबन असल्याचे सांगितले. परंतु पडद्यावर रॉबिन हूड नावाचे पात्रच आले नाही. मग हे विडंबन नेमके कोणाचे समजावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्रास्ताविक चुकीचे नव्हते, फक्त अपुरे होते. 1955 साली नॉर्मन पनामा आणि मेल्विन फ्रँक या जोडीने लिहून दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात रॉबिन हूडचे नाव बदलून ‘ब्लॅक फॉक्स’, म्हणजे काळा कोल्हा, असे केले आहे. बाकी सारा संसार ओळखीचाच आहे. मध्ययुगीन इंग्लंडची गादी बळकावलेला राजा रॉडरिक, त्याच्या कानाशी लागलेला कपटी सरदार रेव्हनहर्स्ट, जंगलात दबा धरून बसलेली बंडखोरांची टोळी, तिचा रुबाबदार नायक आणि परत गादीवर बसवायचा खरा वारस, हे सगळे प्रेक्षकाला पाठ होते. डग्लस फेअरबँक्सने 1922 च्या मूकपटात हा उड्या मारणारा, हसतमुख तलवारबहाद्दर पडद्यावर आणला आणि 1938 च्या रंगीत चित्रपटात एरॉल फ्लिनने त्याला असे काही रूप दिले की, पुढे कोणीही हिरवा अंगरखा आणि चुस्त विजार घातली तरी प्रेक्षकाला फ्लिनच आठवावा.

या चित्रपटाने त्या नायकावर टीका केलेली नाही. त्याने नायकालाच बाजूला बसवले आहे. चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला तर ब्लॅक फॉक्स एकंदर किती वेळ पडद्यावर दिसतो, हे मोजून पाहावे. त्याच्या पराक्रमाचे मोठे गाणे सुरुवातीलाच येते; पण ते गाणारा ब्लॅक फॉक्स खरा नसतोच, त्याच्या वेषातला ह्यूबर्ट हॉकिन्स असतो. हा हॉकिन्स पूर्वी जत्रांमधून करमणूक करणारा कलावंत. टोळीत त्याच्याकडे आलेले काम म्हणजे तान्ह्या राजाला सांभाळणे आणि निष्ठा वाहायला आलेल्यांना बाळाचे लंगोट सोडून ढुंगणावरची पिंपर्नेलच्या जांभळ्या फुलाची जन्मखूण दाखवणे. वारसाची ओळख पटवणारी खूण ही या प्रकारच्या कथांची जुनीच सोय आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या उमरावांना वाचवणाऱ्या एका गाजलेल्या काल्पनिक वीराचे टोपणनावही याच रानफुलावरून पडलेले; तिथले लाल फूल इथे जांभळे झाले आणि शिक्क्यावरून उतरून बाळाच्या पार्श्वभागी जाऊन बसले. चित्रपटाची सगळी थट्टा या एका स्थलांतरात सामावलेली आहे, असे माझे मत आहे. राज्य कोणाचे हे ठरवणारा पुरावा दुपट्यात आहे आणि तो सांभाळणाऱ्याला टोळीत कोणी शिपाई म्हणूनही मोजत नाही.

टोळीत खरी हुकमत चालते ती कॅप्टन असलेल्या जीनची. बाळाला दारूच्या पिंपात लपवून राजाच्या शिपायांच्या नाकासमोरून नेताना ती मुकी नात होते आणि हॉकिन्स तिचा बहिरा आजोबा. वाटेत इटलीहून दरबारात निघालेला जियाकोमो नावाचा विदूषक भेटतो. त्याला बेशुद्ध करून हॉकिन्स त्याच्या जागी राजवाड्यात जातो. तो जियाकोमो विदूषकाच्या वेषातला भाडोत्री मारेकरी आहे आणि खुद्द रेव्हनहर्स्टनेच त्याला बोलावले आहे, हे हॉकिन्सला कोणी सांगितलेले नसते.

प्रश्न : हॉकिन्स शूर होतो तो केवळ जादूटोण्याने. मुलांसमोर पराक्रमाची अशी टिंगल करणे योग्य आहे का? मला तरी चित्रपट पोरकट वाटला.
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : आपला आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण चित्रपट जर केवळ ‘भित्रा मनुष्य शूर असल्याचे भासवतो’ एवढ्यावर उभा असता तर तो सत्तर वर्षे टिकला नसता. राजकन्या ग्वेंडोलिनची दासी ग्रिसेल्डा हॉकिन्सला संमोहित करते आणि चुटकी वाजली की तो धीट प्रियकर व निष्णात तलवारबाज होतो. दुसरी चुटकी वाजली की पुन्हा मूळ पदावर येतो. दासीने मात्र हे राज्यासाठी केलेले नाही. राजाने ठरवलेले लग्न राजकन्येला नको आहे आणि ‘तुला हवा तसा प्रियकर येईल’ हे ग्रिसेल्डाचे भाकीत खरे ठरले नाही तर राजकन्या तिचा जीव घेणार आहे. दरबारातल्या तीन सरदारांचा काटा निघतो तोही ग्रिसेल्डाच्या विषाने. श्रेय मात्र ज्याला काहीच ठाऊक नाही त्या विदूषकाला मिळते.

आपल्याला टिंगल पराक्रमाची वाटली. मला ती श्रेयाच्या वाटपाची वाटते. जीन आणि ग्रिसेल्डा या दोघींनी आपापले काम केले नसते तर कथानक दुसऱ्या प्रसंगापुढे सरकलेच नसते. तमाशाच्या वगात राजाला उलट उत्तर देणारा सोंगाड्या पाहिलेल्या प्रेक्षकाला विदूषकाचे हे स्थान परके वाटू नये. मात्र आपला सोंगाड्या आपल्या हुशारीवर बोलतो, तर हॉकिन्सला बरेचदा आपण काय करून बसलो याचा पत्ताच नसतो, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

पोरकटपणाविषयी मात्र मी आपल्याशी अंशतः सहमत आहे. मधल्या भागातली काही गाणी लांबतात. हॉकिन्सला घाईघाईने सरदारकी बहाल करण्याचा प्रसंग मला मात्र कधीच लांबल्यासारखा वाटला नाही. ग्रिसवोल्ड नावाच्या आडदांड सरदाराला त्याच्याशी द्वंद्व खेळायचे आहे आणि द्वंद्व सरदाराशीच खेळता येते. म्हणून ज्या दीक्षेला वर्षे लागायची ती राजाज्ञेने काही मिनिटांत उरकली जाते. त्यात दोन्ही बाजूंनी हॉकिन्सला दंडाला धरून, विलक्षण वेगाने पावले टाकत नेणारे चिलखतधारी लोक म्हणजे मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावचे खरेखुरे कवायत पथक होते. समारंभाचा सगळा डौल कायम ठेवून फक्त गती वाढवली की तो किती हास्यास्पद दिसतो, हे सरकारी कार्यक्रमांना हजेरी लावणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

प्रश्न : मी महाविद्यालयीन मुलांना तलवारबाजी शिकवतो. शेवटचे द्वंद्व पाहताना हात खरे असल्यासारखे वाटले. विनोदी चित्रपटासाठी नटांनी एवढे शिक्षण घेतले होते का?
– एक प्रशिक्षक, पुणे

उत्तर : आपल्या नजरेला दाद द्यायला हवी. रेव्हनहर्स्टची भूमिका करणारे बॅसिल रॅथबोन हे ब्रिटिश सैन्यात असताना तलवारबाजीचे विजेते होते आणि पहिल्या महायुद्धात त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला होता. त्यांचा जन्म 1892 चा, म्हणजे हे द्वंद्व खेळताना त्यांनी साठी ओलांडली होती. समोरचा, हॉकिन्सची भूमिका करणारा डॅनी के त्यांच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी लहान आणि तलवारीला नवखा. पण दुसऱ्याच्या हालचाली हुबेहूब उचलण्याची त्याची शक्ती एवढी दांडगी होती की, थोड्याच दिवसांच्या सरावानंतर तो बरोबरीने लढू लागला, असे खुद्द रॅथबोन यांनी आत्मचरित्रात कौतुकाने नमूद केले आहे. दोघांचे हात बसवले राल्फ फॉकनर यांनी. ते स्वतः 1932 च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून तलवारबाजीत उतरले होते.

रॅथबोन यांची निवड हाच या विडंबनाचा सर्वांत मोठा डाव आहे. 1935 च्या समुद्री चाच्यांच्या चित्रपटात ते एरॉल फ्लिनच्या तलवारीने मेले, 1938 च्या रॉबिन हूडच्या चित्रपटात गिसबोर्नचा सर गाय हा खलनायक होऊन पुन्हा फ्लिनच्याच हातून मेले आणि 1940 मध्ये झोरोची भूमिका करणाऱ्या टायरोन पॉवरने त्यांना लोळवले. पडद्याबाहेर या सर्वांना सहज भारी पडेल असा हा माणूस पडद्यावर नेमाने हरत आला, कारण कथेत खलनायकाला जिंकण्याची मुभा नसते. 1936 च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये टिबॉल्ट म्हणून ते मर्क्युशिओला मारतात, तो त्यांच्या वाट्याला आलेला दुर्मीळ विजय. म्हणून ‘द कोर्ट जेस्टर’च्या श्रेयनामावलीत विदूषकाच्या वेषातला डॅनी के गाता गाता इतर नावांशी खेळतो, पण रॅथबोन यांचे नाव ढकलून दिले तरी परत परत पडद्यावर येते, तेव्हा माहीतगार प्रेक्षक हसल्यावाचून राहत नाही.

झोरोच्या त्या चित्रपटात मेणबत्तीचा एक प्रसंग आहे. रॅथबोन तलवारीच्या एका फटक्यात मेणबत्तीचे टोक उडवतात. पॉवरचा वार मात्र हुकल्यासारखा वाटतो, मेणबत्ती जळतच राहते आणि मग तो तिचा वरचा तुकडा उचलून दाखवतो. पंधरा वर्षांनी डॅनी के त्याच रॅथबोन यांच्यासमोर मेणबत्त्यांच्या रांगेवरून तलवार फिरवतो. एकही मेणबत्ती हलत नाही. रेव्हनहर्स्ट तुच्छतेने हसतो. मग हॉकिन्स हलकी फुंकर मारतो आणि सगळी टोके ओळीने खाली पडतात. मूळ प्रसंग न पाहिलेल्यालाही हसू येते, पाहिलेल्याला दुप्पट येते. विडंबनाचा तोल असाच राखावा लागतो.

त्या द्वंद्वात चुटक्यांचे काय होते तेही आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावे. समोरचा एकाएकी गलितगात्र झालेला पाहून चेव चढलेला रेव्हनहर्स्ट नकळत चुटकी वाजवतो आणि स्वतःच आपल्यापुढे निष्णात तलवारबाज उभा करतो. डॅनी केचे खांदे, मनगट आणि हनुवटी एका क्षणात बदलतात. कॅमेऱ्याची कोणतीही करामत नाही. उत्तम हात आल्यावरच वाईट हात इतका नेमका खेळता येतो, हे प्रशिक्षकाला मी सांगणे म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखे आहे.

प्रश्न : प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपट चालला होता का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. सुमारे 40 लाख डॉलर खर्चून हा त्या काळातला सर्वांत महागडा विनोदी चित्रपट बनला आणि उत्तर अमेरिकेतून निर्मात्यांच्या पदरी त्यातले जेमतेम 22 लाख आले. पुढे दूरचित्रवाणीवर वारंवार लागत गेल्याने पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो पाहिला आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी त्याची निवड झाली.

प्रश्न : आमच्या मंडळाला मुलांसाठी या चित्रपटाची मराठी उपशीर्षके तयार करायची आहेत. विषाच्या पेल्याच्या त्या प्रसिद्ध संवादावर गाडी अडली आहे. काही सुचवाल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अर्थाचे भाषांतर करू नका, म्हणजे गाडी सुटेल. प्रसंग असा : द्वंद्वापूर्वी दोन्ही योद्ध्यांनी पेला रिचवायचा आहे. ग्रिसेल्डाने एकात विष टाकले आहे आणि कोणता पेला टाळायचा हे हॉकिन्सच्या ध्यानात राहावे म्हणून ती त्याला यमकात सांगते. खुणा साध्या आहेत. बत्त्याचे चित्र असलेल्या भांड्यात विषाची गोळी आहे आणि राजवाड्याच्या चषकातले पेय निर्धोक आहे. इंग्रजीत हे सगळे शब्द एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की, लक्षात ठेवण्यासाठी दिलेली युक्तीच लक्षात राहू देत नाही. आपल्याकडे ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ म्हणताना राळ्याच्या जातीकडे कोणाचे लक्ष असते?

म्हणून भांड्यांचे आकार विसरून जिभेला अडखळवणारे मराठी शब्द शोधावेत. आयुर्वेदातली ‘वटी’ इथे उपयोगी पडते, कारण तिच्याशेजारी ‘वाटी’ ठेवता येते. मी असे सुचवीन :

‘बत्त्याच्या वाटीत विषाची वटी, वाड्याच्या वाडग्यात काढा खरा.’

यात काना इकडचा तिकडे झाला की विष जागा बदलते. हॉकिन्सने ते कसेबसे पाठ केल्यावर ग्रिसेल्डा येऊन सांगते की, वाड्याचा चषक फुटला, त्याच्या जागी ड्रॅगनचे चित्र असलेला सुरईसारखा पेला आला आणि आता विष त्यात आहे. ड्रॅगन आपल्या घरचा नव्हे. पण पडद्यावर चित्र बारीक दिसते, तेव्हा त्याची मगर करायला हरकत नसावी :

‘मगरीच्या घागरीत विषाची वटी, बत्त्याच्या वाटीत काढा खरा.’

पहिल्या ओळीत विषारी असलेली बत्त्याची वाटी दुसऱ्या ओळीत निर्धोक झाली, हा मुळातला घात असा शाबूत राहतो. पुढे ग्रिसवोल्डच्या माणसाच्या कानावरही हे पडते आणि तो बिचारा धिप्पाड सरदारही तेच पुटपुटत मैदानात येतो. शिवाय विजेने चुंबक बनलेले हॉकिन्सचे चिलखत त्याच्या चिलखताला जाऊन चिकटते, तेव्हा पाठांतराचे उरलेसुरले भानही जाते. त्या ठिकाणी उपशीर्षकात शुद्ध ओळ देऊ नये. ‘वाड्याच्या बत्त्यात’, ‘वाटीची घागर’, ‘मगरीचा काढा’ असे नट जसा घसरेल तसे घसरत जावे आणि प्रत्येक घसरणीला नवा शब्द न आणता आधीचेच शब्द फिरवावेत, कारण प्रेक्षकाला कोणती वस्तू कुठून निसटली हे कळले तरच तो हसेल.

उत्तर छापायला देण्यापूर्वी संपादकीय खोलीत आम्ही पाच जणांनी दोन्ही ओळी एकामागून एक मोठ्याने म्हणून पाहिल्या. चौघे दुसऱ्या खेपेस विष पिऊन मोकळे झाले. पाचव्याच्या मगरीने तिसऱ्या खेपेस बत्ताच गिळला.