भांड्याच्या पत्र्याची बोट?

प्रश्न : माझा मुलगा फ्रान्समध्ये ब्रेस्टला नोकरी करतो. तो आणि दोन मित्र मिळून लांब फिरायला जुनी शिडाची बोट घेणार आहेत. फोटो पाहिला तर बोट अ‍ॅल्युमिनियमची, अंगावर रंगाचा थेंब नाही! आमच्याकडे नुसतं पाणी उकळलं तरी पातेलं काळं पडतं. खाऱ्या पाण्यात हिचं काय होणार?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, रंग परवडला नाही म्हणून राहिलेला नाही, मुद्दामच देत नाहीत. बोटीचा पत्रा मॅग्नेशियम मिसळलेला असतो. हवा लागली की त्यावर आपोआप पातळ थर धरतो, तेच त्याचं चिलखत. दिसायला कळकट, पण पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचा. खडकावर आपटला तर फुटण्याआधी पोचा येतो.

माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर एका मित्राच्या ‘ओव्हनी’ नावाच्या अशाच अ‍ॅल्युमिनियमच्या शिडाच्या बोटीवर पंधरा दिवस ब्रिटनीच्या, म्हणजे ब्रेस्ट ज्या भागात आहे त्याच्या, किनाऱ्याने हिंडलो. या बोटी फ्रान्समधल्याच, ले साब्ल दोलोनच्या. खाली कायमचा कील, म्हणजे तळाखाली उतरलेला जड पंखा, नाही. जड वजन तळाच्या आत आणि मधोमध वर ओढता येणारी पाती. सां-मालोकडे उधाणाला बारा मीटर पाणी चढतं-उतरतं, मुंबईच्या दुपटीहून जास्त. आम्ही पाती वर घेतली आणि ओहोटीला बोट वाळूवर सरळ बसली. मी आत चहा ठेवला, कप जागचा हलला नाही. बाहेर एक बाई कुत्रा फिरवत बोटीजवळून गेल्या!

वारा मागून असेल तर पाती वर घेऊन ही बोट छान पळते. वाऱ्याच्या तोंडावर चढायचं म्हटलं की मात्र खोल कीलवाल्या बोटी पुढे जातात. शिवाय नांगरावर रात्रभर पाती खोबणीत खडखडते. मला दोन रात्री झोप नाही. थंडीत पत्र्याला आतून घाम फुटतो, म्हणून पाण्याच्या वरच्या भागात आतून फोम हवाच.

खरा शत्रू मीठ नव्हे, तांबं. मित्राच्या बोटीत आधीच्या कुणा वायरमनने तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा तळात टाकलेला होता. तो उचलला तर खाली पांढरी पूड, ती पुसली तर नखाएवढा खड्डा! खारं पाणी आणि दोन धातू, म्हणजे बॅटरीच झाली, आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तळाला देतात तो तांब्याचा रंग इथे चालत नाही. विजेची ऋण तार पत्र्याला जोडायची नाही, स्टीलच्या बोल्टखाली प्लास्टिकचे वायसर हवेत, आणि पत्र्याऐवजी झिजायला बाहेर लावलेले जस्ताचे ठोकळे झिजले की बदलायचे.

मुलाला बोट बघायला जाताना टॉर्च न्यायला सांगा. फळ्या उचलून इंजिनाखालचा तळ बघायचा. तिथे पांढरी पूड दिसली, तर पत्र्याची जाडी मोजून घेतल्याशिवाय किमतीचं बोलू नये.