पहाटे मासे तोंड वर का काढतात?

प्रश्न : आमचं शेततळं 10 गुंठ्यांचं, पाणी पाच फूट. आषाढात रोहू, कटला, मृगळाची 4000 बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडली. सहा महिन्यांनी मासा जेमतेम 100 ग्रॅमचा आहे. आभाळ आलं की पहाटे सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतात. चुना मारू का?
— एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : आत्ता कळीचा चुना अजिबात नको. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर 10 गुंठ्यांना 500 ते 1000 बोटुकली पुरतात. तुमच्याकडे किमान चौपट आहेत. 400 किलो मासळीला 2 टक्क्यांनी रोज 8 किलो खाद्य लागतं, आणि 28 टक्के प्रथिनांच्या किलोभर खाद्यामागे साधारण 25 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो. त्यावर शेवाळ माजतं. ते दिवसा प्राणवायू देतं, रात्री माशांबरोबर स्वतःच ओढतं. लिटरमागे 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. सूर्योदयाआधी तो सर्वांत कमी असतो, आणि आदला दिवस ढगाळ गेला तर मुळात साठाच झालेला नसतो. म्हणून मासे श्वासासाठी वर येतात.

चुन्याचा धोका वेगळा आहे. जांभ्या मातीतलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, त्यामुळे दाट शेवाळात दुपारी सामू (pH) 9 पर्यंत चढतो. 30 अंशांना सामू 7 असताना अमोनियाचा विषारी भाग शंभरात एकही नसतो. 9 ला तो चाळिसाच्या वर जातो. कळीचा चुना सामू आणखी चढवतो.

दोन दिवस खाद्य बंद, शेणखतही बंद. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत तळ्याचंच पाणी पंपाने उचलून भोकं पाडलेल्या पाइपातून उंचावरून पाडा. बोअरच्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतो, तेही असंच पाडून घ्या. मग विरळणी करा, तीही सकाळी नवानंतर. पहाटे जाळं ओढलं तर गाळ ढवळतो आणि दमलेले मासे मरतात. 100 ग्रॅमच्या माशाला बाजारात भाव नाही, पण मोठ्या तळ्यात सोडायला बीज म्हणून तो चांगला. गिऱ्हाईक आधी ठरवा. हजाराच्या वर ठेवू नका.

पुढे काठीला पांढरी ताटली बांधून पाण्यात सोडत जा. 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. 20 च्या आतच दिसेनाशी झाली तर त्या दिवशी खाद्य निम्मं.

प्रश्न : जिताडा माशाची पिल्लं दाट नव्हती, मेलेलीही दिसली नाहीत, तरी निम्मी गायब. का?
— एक वाचक, ता. पेण

उत्तर : मोठ्यांनी धाकटी गिळली. निम्म्या लांबीचं भावंड जिताडा सहज खातो. बोटभर होईपर्यंत दर आठवड्याला आकारानुसार वेगळी करा आणि खाद्य दिवसातून तीन-चार वेळा द्या.