दोष काढणे आणि कुसळ काढणे

कोपरखैरण्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्याच शब्दांत, थोडा आखडून देतो.

"आमच्याकडे दर बुधवारी प्रार्थनासभा असते. मंडळीतल्या एका घरच्या मुलाने आपण समलिंगी असल्याचं आईवडिलांना सांगितलं, त्यावरून गेल्या सभेत बोलणं निघालं. एक काका म्हणाले, 'न्याय करू नका असं प्रभूने सांगितलंय, विषय संपला.' त्यावर एक बाई म्हणाल्या, 'शास्त्रात न्याय करू नका असं नाहीच, दोष काढू नका असं आहे. आणि पापाला पाप म्हणणं म्हणजे दोष काढणं नव्हे.' तरुण पोरं म्हणाली, 'सिंपल आहे, कोणाला जज करू नका.' चहा गार झाला, प्रार्थना राहिलीच. तर नक्की शब्द कोणता? त्याचा 'स्वीकार' करायचा म्हणजे काय करायचं? आणि जाता जाता, समलिंगी बरोबर की समलैंगिक?"

ताई, पाठांतरात बाई जिंकल्या. बायबल सोसायटीच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, मत्तय ७:१ असं आहे: 'तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका.' आमच्या घरी नगरहून आलेली जी प्रत आहे, तिच्यात हे पान पार मऊ झालंय. पण काकाही हवेत बोलत नव्हते. सोप्या मराठीतल्या अलीकडच्या भाषांतरात 'न्याय करू नका' असंच आहे. दोन्हींच्या मागे ग्रीक क्रियापद एकच, 'क्रिनो'. भांडण त्या एका शब्दाच्या ऐसपैसपणामुळे झालंय.

'क्रिनो'चा मुळातला अर्थ वेगळं करणं. त्याच प्राचीन मुळापासून लॅटिनमध्ये चाळणीचा शब्द निघाला. आपल्याकडेही नेमकं हेच झालंय. आई तांदळाचं ताट मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसते, बोटाने दाणे पसरते, खडा दिसला की चिमटीत धरून बाजूला टाकते, ते 'निवडणं'. आणि पाटलासमोर दोन भाऊ बांधावरून भांडत आले की होतो तो 'निवाडा'. मराठेशाहीत निकालाच्या कागदाला निवाडपत्र म्हणत. शब्द त्याच धातूचा. संस्कृतातला 'विवेक'सुद्धा 'विच्' म्हणजे वेगळं करणे यातून आलाय. म्हणजे खडा ओळखणं ही काही वाईट गोष्ट नाही. तो न ओळखला तर दाताखाली येतो.

पण ग्रीकमध्ये हे एकच क्रियापद तांदूळ निवडण्यापासून थेट शिक्षा ठोठावण्यापर्यंत सगळीकडे चालतं. मराठीत तसं चालत नाही. आपल्याकडे पारखणं वेगळं, निवाडा करणं वेगळं, दोषी ठरवणं वेगळं, दोष काढणं वेगळं, बोल लावणं वेगळं आणि नावं ठेवणं त्याहून वेगळं. (नावं ठेवण्याची एक खूण म्हणजे ज्याला ठेवायची तो तिथे हजर नसतो. तोंडावर बोललं तर ते भांडण.) त्यामुळे मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं की इथे यातलं नेमकं कोणतं. योहान ७:२४ मध्ये हाच 'क्रिनो' आहे, आणि तिथे मराठीत 'तोंड पाहून न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा' असं आहे. एका जागी करू नका, दुसऱ्या जागी करा.

आता 'न्याय करू नका' हे वाक्य एकदा मराठी कानाने ऐका. न्याय ही आपल्याकडे मागायची गोष्ट आहे. न्याय मिळावा म्हणून माणसं ठाण्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, उपोषणाला बसतात. 'न्याय करू नका' म्हटलं की मराठी माणसाला क्षणभर 'अन्याय चालू द्या' असं ऐकू येतं. म्हणून माझ्या मते मत्तयाच्या त्या जागी 'दोष काढू नका' हेच सरस भाषांतर आहे. पोरांचं 'जज करू नका' तर मला अजिबात टाकाऊ वाटत नाही. मराठीत 'जज' हे नाम म्हणून आधीच होतं, आता क्रियापद झालं. त्यात 'मनातल्या मनात मत बनवणं' ही छटा आहे, आणि ती 'न्याय करणे'मध्ये मुळीच नाही.

खरी गंमत पुढच्या ओळींत आहे. तिसऱ्या ते पाचव्या वचनात कुसळ आणि मुसळ येतात. ग्रीकमध्ये एक काडी आहे आणि दुसरी चक्क घराची तुळई. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाने दिलेला दृष्टांत, त्यात तुळईच यायची. मराठी भाषांतराने तुळई उतरवून उखळाजवळचं मुसळ आणलं आणि काडीच्या जागी कुसळ. अर्थ किंचित हलला, पण यमक जुळलं आणि वाक्य म्हणीसारखं जिभेवर बसलं. आज ज्याने बायबल हातातही धरलेलं नाही तोही भांडताना हेच बोलतो. कल्पना काही परकी नाही म्हणा. महाभारतात शकुंतला दुष्यंताला सुनावते की दुसऱ्याचं मोहरीएवढं छिद्र तुला दिसतं आणि स्वतःचं बेलफळाएवढं दिसूनही दिसत नाही.

कुसळ म्हणजे काय हे ठाण्याच्या मुलांना ठाऊक नसेल तर पाऊस संपल्यावर येऊरला एक चक्कर मारावी. परत येताना मोज्यांत जे शेकडो टोकदार केस रुतून बसतात आणि उलट ओढले की आणखी आत जातात, ती कुसळं. लहानपणी नगरला गव्हाच्या मळणीत ओंबीचं कुसळ माझ्या डोळ्यात गेलं होतं. डोळा चोळायचा नाही म्हणून आजीने दोन्ही हात धरून ठेवायला लावले, माझं डोकं मांडीवर घेतलं, पदराचं टोक पिळून त्याची वात केली आणि श्वास रोखून कडेकडेने ते बाहेर आणलं. तिच्या तोंडाचा मिश्रीचा वास अजून आठवतो, इतकी ती जवळ आली होती.

आणि आता क्रियापद बघा. पहिल्या वचनात 'दोष काढू नका'. पाचव्या वचनात, आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ 'काढायला' तुला नीट दिसेल. दोन्हीकडे 'काढणे'! ग्रीकमध्ये ही दोन निरनिराळी क्रियापदं आहेत. ही जोडी मराठीत आपोआप जुळून आली, भाषांतरकाराने मुद्दाम जुळवली असेल असं वाटत नाही. पण जुळलीय खरी. दोष काढणं म्हणजे चारचौघांत बाहेर काढून दाखवणं. कुसळ काढणं म्हणजे डोकं मांडीवर घेऊन बाहेर काढणं. पहिलं लांबून करता येतं, किंबहुना लांबूनच करतात. दुसरं लांबून होतच नाही. बाईंचं 'पापाला पाप म्हणणं म्हणजे दोष काढणं नव्हे' हे व्याकरणाने खोडता येणार नाही, कारण ओळखणं आणि काढणं या दोन क्रिया आहेत. फक्त त्या बुधवारी सभेत यातलं कोणतं 'काढणं' चाललं होतं ते तुम्हालाच माहीत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं त्या मुलाकडे काही कुसळ आहे असं धरून चाललंय. बरोबर. आणि आहे की नाही, यावरच तर चर्चेसमध्ये वाद आहे. तिथे शब्दचर्चा फार पुढे नेऊ शकत नाही, पण थोडी नेते. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ६:९) वाईट वागणाऱ्यांची यादी आहे, तिच्यात या विषयाचे ग्रीक शब्द दोन आहेत, 'मालाकोई' आणि 'आर्सेनोकोइताई'. पहिल्याचा शब्दशः अर्थ 'मऊ'. दुसरा 'पुरुष' आणि 'बिछाना' जोडून झालेला. पवित्र शास्त्रात तिथे कृतीचं वर्णन आहे, 'समलिंगी' हा शब्द नाही. असणार कसा? त्याचा युरोपीय मूळपुरुषच १८६९ साली कार्ल मारिया केर्टबेनी याने जर्मनमध्ये छापला, मराठी शब्द त्याच्यावरून बेतलेला. इंग्रजीत १९४६ च्या एका प्रमुख भाषांतराने दोन्ही ग्रीक शब्द एकत्र करून 'होमोसेक्शुअल्स' घातलं आणि १९७१ च्या आवृत्तीत ते काढून टाकलं. पारंपरिक बाजू म्हणते की दुसरा शब्द जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरातल्या मनाईवरूनच घडलाय, तेव्हा अर्थ उघड आहे. दुसरी बाजू म्हणते की यादीतला रोख शोषणाकडे, पोरांना आणि गुलामांना वापरण्याकडे आहे, दोन प्रौढांच्या सोबतीकडे नाही. पहिल्या बाजूचा व्युत्पत्तीचा मुद्दा मला भक्कम वाटतो. पण शब्द कशापासून घडला यावरून तो कशासाठी वापरला हे ठरत नाही, हे शब्दांच्या नादी लागलेल्या कोणालाही सांगावं लागू नये.

काकांनी सभेत 'हा काही गुन्हा नाही' असंही म्हटलं असेल तर ते कायद्याने खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधला तेवढा भाग रद्द केला. पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०२३ मधल्या एका मुलाखतीत समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं सांगून, पाप आणि गुन्हा यांत फरक करायला सांगितलं. मराठीत हा फरक मोठा मजेशीर आहे. 'गुन्हा' आला फारसी 'गुनाह'वरून, आणि तिकडे त्याचा अर्थच पाप! आपण पाप देवाकडे ठेवलं आणि गुनाह पोलीस चौकीत दाखल केला. उलट 'अपराध' बघा. संस्कृतात 'अप-राध्' म्हणजे नेम चुकणं. नवा करार ज्याला पाप म्हणतो त्या ग्रीक 'हामार्तिया'चाही मूळ अर्थ नेम चुकणं. म्हणजे शब्दाच्या अंगाने 'हामार्तिया'ला सर्वांत जवळचा शब्द 'अपराध', आणि तो आपण कोर्टाला देऊन बसलो.

आता 'स्वीकार'. इथे इंग्रजीतून विचार केला की घोटाळा होतो, कारण तिकडे माणूसही 'ॲक्सेप्ट' करतात आणि गोष्टही. मराठी लगेच विचारते, कोणाला की काय? 'मुलाला स्वीकारलं' यात 'ला' लागतो. 'त्याचं म्हणणं मान्य केलं' यात लागत नाही. माणसाला आपण सामावून घेतो, पदरात घेतो. गोष्ट मान्य करतो, चालवून घेतो, किंवा नाइलाजाने खपवून घेतो. रोमकरांस १५:७ मध्ये ख्रिस्ताने आपला स्वीकार केला तसा एकमेकांचा करा असं आहे, म्हणजे तिथे कर्म माणूस आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने हीच फोड केलीय. समलिंगी व्यक्तींना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारा असं तो सांगतो, आणि संबंधांना मात्र मान्यता देत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला वाट दिली, तरी तो विवाहविधीसारखा दिसता कामा नये हेही लिहिलं. काही प्रोटेस्टंट चर्चेस पुढे जाऊन विवाहच लावतात. त्यांच्या लेखी 'ला' असलेला आणि नसलेला, दोन्ही स्वीकार एकच. तुमच्या सभेत कोणी 'आपण स्वीकारायला हवं' म्हणालं तर एवढंच विचारा, 'त्याला की ते?' निम्मे लोक दचकतील. पण त्या घरात रात्री ताट वाढताना हा प्रत्यय इतका सरळ सुटा होत नाही, हेही माझ्या लक्षात आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. 'समलिंगी' सुटसुटीत आहे आणि रुळलेला आहे. 'समलैंगिक'ही चूक नाही, लिंगापासून लैंगिक नियमानेच होतं. बरेच लेखक व्यक्तीला समलिंगी आणि संबंधांना समलैंगिक असं म्हणतात, पण तसा नियम नाही. तरुण मंडळी सरळ 'गे' म्हणतात, आणि आईशी बोलताना पोटच्या पोराच्या तोंडून 'समलिंगी' असा छापील शब्द निघाला असेल असं मला वाटत नाही. त्याने कोणता शब्द वापरला हे त्यालाच विचारा आणि तोच वापरा. तुमच्या पत्रात काका आहेत, बाई आहेत, तरुण पोरं आहेत, गार झालेला चहासुद्धा आहे. तो मुलगा मात्र त्या सभेत नव्हता असं दिसतंय.