आजी देवासाठी गेली की मुलांसाठी?

प्रश्न असा आहे: "तुमच्या घरातलं कोणी धर्मापायी देश सोडून गेलं का? मागे राहिलेल्यांना ते माणूस कसं आठवतं?"

माझी आजी गेली. आईची आई. १९६३ साली, अलिबागच्या इस्राएल आळीतून इस्राएल देशात, नेगेव्हच्या वाळवंटातल्या दिमोनाला. मला ती मुख्यतः पोह्यांमुळे आठवते. का, ते पुढे येईलच.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्यात सांगतात की नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बाया वाचल्या आणि त्यांची आम्ही लेकरं. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आजीच्या माहेरी घाणा होता. तिच्या लहानपणीच तो मोडला, पण शनिवारी चूल न पेटवण्याचा नेम तिने शेवटपर्यंत मोडला नाही.

तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. 'शमा'ची प्रार्थना पाठ, बाकी धर्म सगळा मराठीत, आणि त्यातला निम्मा स्वयंपाकघरात. रोश हशाना, ज्यूंचं नवं वर्ष, म्हणजे नव्याचा सण. त्याला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधातला हलवा. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दार फाळणीचा सण, घराची दारं लावून उपास. आणि जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक पाळतात तो दिवस आजीच्या लेखी 'बिरड्याचा रोजा', कारण उपास वालाच्या बिरड्यावर सुटायचा. सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाला, ती मशीद म्हणायची. यात काही चूक नव्हती, आमची जुनी माणसं तसंच म्हणत. मुंबईचं मस्जिद स्टेशन हे नाव १७९६ सालच्या आमच्या सिनेगॉगवरून पडलं असं आम्ही अभिमानाने सांगतो, आणि समोरचा हमखास चकित होतो.

तर ही बाई पवित्र भूमीत गेली आणि तिथे तिला कळलं की आपण 'हिंदी', म्हणजे भारतातले, आहोत.

मामाचं लग्न ठरलं तेव्हा धर्मगुरूंच्या एका कचेरीत त्याला सांगण्यात आलं की तुमच्या आजी-पणजीपर्यंतचा वंश तपासावा लागेल, तुम्ही नक्की ज्यू आहात का ते बघू. हे एकट्या मामाचं नव्हतं. त्या काळात कितीतरी बेने इस्राएल घरांत हेच चाललं होतं. १९६४च्या उन्हाळ्यात लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. मामा अजून त्या विषयावर तापतो. आजीने मात्र आईला पत्रात एवढंच लिहिलं होतं: "इकडे विचारतात तुम्ही कोण. तिकडे हे कधी कोणी विचारलं नव्हतं." ते पत्र आईने फार वर्षं साडीच्या घडीत जपलं. मला विचाराल तर आजीचा खरा हिशोब त्या दोन वाक्यांत आहे.

आणि आता पोहे. आमच्याकडे नवस फेडायचा असो की शुभकार्य असो, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची-जायफळ, भोवती पाच फळं. पुरुष प्रार्थना म्हणतात आणि मग तो प्रसादासारखा वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. आजी दरवर्षी तिथे जायची. दिमोनाला खडक हवे तेवढे होते, पोहे नव्हते. म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती ठाण्याहून जाडे पोहे जायचे, कधी दोन किलो, कधी अर्धाच. "पातळ पाठवू नको गो, लगदा होतो," हे प्रत्येक पत्राच्या शेवटी.

मी १९९५ला दिमोनाला गेले, तोवर तिथल्या दुकानात पोहे, वाल, कोकम सगळं मिळत होतं. म्हटलं, "आजी, मग आमच्याकडून कशाला मागवतेस?" ती म्हणाली, "कोणीतरी घेऊन येतो ना. मग तो बसतो, तुमचं कसं चाललंय ते सांगतो."

त्या महिनाभरात ती मला जेमतेम दोनदा रागावली. एकदा मी शुक्रवारी सूर्य बुडाल्यावर दिवा लावला तेव्हा, कारण आमचा शनिवार तिथूनच सुरू होतो. दुसऱ्यांदा, मी बिरड्याचे वाल सोलताना मधेच उठले तेव्हा. नातवंडं तिच्याशी हिब्रूत बोलायची, ती त्यांना मराठीत उत्तर द्यायची, आणि भांडणंसुद्धा अशी दोन भाषांत रंगायची. शेजारची मोरोक्कोची म्हातारी आणि ती, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी रोज संध्याकाळी जिन्यात तासभर गप्पा. काय बोलायच्या देव जाणे.

एका संध्याकाळी मी तुमचाच प्रश्न तिला विचारला. देवासाठी आलीस ना इथे? तिने आधी सगळे सांगतात तेच सांगितलं, की यरुशलेमची ओढ होती, देवाने बोलावलं. मग वाल सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझे दोन्ही मामा निघाले. मागे राहून कोणासाठी चूल पेटवणार होते? देवाचं कारण नंतर सांगायला बरं पडतं." आणि लगेच, "हे मामाला सांगू नको."

मामा मराठी बोलतो पण वाचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

ती २००१ला गेली. आम्ही पाठवलेलं पोह्यांचं शेवटचं पुडकं तिच्या नंतर चार दिवसांनी पोचलं. शोकाचे सात दिवस चालू होते, घर माणसांनी भरलेलं. खालच्या मजल्यावरच्या एका अलिबागकरणीने ते पुडकं नेलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी त्याचे कांदेपोहे केले. मामी फोनवर सांगत होती, मोरोक्कोच्या म्हातारीने दोनदा मागून घेतले.