इंग्रजीत पैशांचीही बँक आणि नदीचा काठही बँक, हे कसं काय?

तुम्ही विचारलंय की पैसे ठेवतो ती बँक आणि नदीचा काठ यांना इंग्रजीत एकच शब्द कसा. तुमचे सर म्हणतात, शब्द दोन आहेत आणि योगायोगानं सारखे दिसतात.

सरांचं अर्धं बरोबर आहे. डिक्शनरीत बँकच्या दोन-तीन वेगळ्या नोंदी असतात, कारण हा शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या वाटांनी शिरला. पण योगायोग नाही. सगळ्या वाटा मागं नेल्या की जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांमधल्या एकाच शब्दाशी येऊन थांबतात. इंग्रजीतला बेंच त्याच घरचा.

काठाचा अर्थ आधी आला, स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांच्या बोलीतून. त्यांच्याकडं तो म्हणजे उंचवटा, मातीचा बांध. पाण्यातला वाळूचा उंचवटा सँडबँक तो त्यामुळंच. रात्री निखाऱ्यांवर राख लोटून विस्तव जपायचा, त्यालाही इंग्रजीत बँक करणंच म्हणतात. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचलून घेतात ते बँकिंग अकरावी-बारावीच्या फिजिक्सनं सगळ्यांनाच छळलंय.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली, त्यामुळं माझ्या डोक्यात बँक म्हटलं की आधी काठच येतो. फायलीवर 'लेफ्ट बँक कॅनॉल', शेतकऱ्याच्या तोंडी नुसता 'डावा कालवा'. धोम धरणाला डावाही आहे, उजवाही. डावा कुठला हे ठरवायचं तर नदी जिकडं वाहते तिकडं तोंड करून उभं राहायचं. त्या हिशेबानं सांगली शहर कृष्णेच्या डाव्या काठाला आणि आयर्विन पूल ओलांडला की सांगलीवाडी उजव्या. २०१९ च्या महापुरात डावं-उजवं काही उरलं नव्हतं, ते सोडा.

पैशांची बँक मात्र लांबून फिरून आली. तोच जर्मानिक शब्द इटलीत जाऊन 'बांका', 'बांको' झाला. तिथले सराफ बाजारात बाकडं मांडून बसायचे, गावोगावची नाणी बदलून द्यायचे, कर्जं द्यायचे. पुढं बाकड्याचं नावच धंद्याला पडलं. यात नवल वाटायला नको, आपल्याकडंही व्यापाऱ्याची 'गादी' म्हणजे कापसाची गादी नव्हे, पेढीच. हा शब्द फ्रेंच आणि इटालियनमधून पंधराव्या शतकाच्या शेवटाला इंग्रजीत पोचला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडं. आमची सांगली बँक १९१६ सालची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ सालची. दोन्ही पाट्या आता उतरल्या. साताऱ्याची २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली, आमची २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. जुन्या खातेदारांच्या तोंडातून ती नावं अजून जात नाहीत.

याच बाकड्याची पिल्लावळ मोठी आहे. 'बँकरप्ट' म्हणजे मुळात 'बांका रोट्टा', मोडलेलं बाकडं. दिवाळं निघालेल्या सराफाचं बाकडं लोक भर बाजारात मोडायचे, अशी गोष्ट सांगतात. मला ती जरा रंगवलेली वाटते, पण शब्दाचा अर्थ तोच. शेवटचं 'रप्ट' हे इंग्रजांनी लॅटिनकडं बघून नंतर केलेलं. 'माउंटबँक' तर झकासच: बाकड्यावर चढून गर्दी जमवणारा आणि नकली औषधं खपवणारा माणूस. आपल्या यात्रांमध्ये तो कुणी पाहिला नाही? 'बँक्वेट'सुद्धा मूळचं छोटं बाकडंच, आता त्याच्या नावाचे हॉल झालेत.

ब्लड बँक ही अलीकडची. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये बर्नार्ड फँटस या डॉक्टरांनी हे नाव दिलं, सरळ पैशांच्या बँकेवरून. रक्त जमा करायचं, लागेल तेव्हा काढायचं.

इंग्रजीच्या घरातच राहिलेल्या बेंचलाही मान मिळाला. न्यायाधीश बसायचे त्या बाकावरून न्यायाधीशांनाच बेंच म्हणायला लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा-सांगलीच्या पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे वाचले. आपण खंडपीठ म्हणतो त्यातलं पीठ म्हणजेही आसनच.

आता मराठीतली गंमत. शाळेतला 'बाक' हाही याच कुळातला, पोर्तुगीजांच्या 'बांको'वरून आलेला. पण म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला येतो तो 'बाक' वेगळा. तो वाकण्यातला, संस्कृतातल्या वक्रच्या नात्यातला. शाळेतल्या बाकाशी त्याचा काही संबंध नाही, म्हणजे सर म्हणतात तसा योगायोग इथं खरोखर आहे.