सीमा उघडल्या, विमान कंपनीच्या शेअरमध्ये ४ लाख टाकू का?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचा प्रश्न (एप्रिल २०२२): केळीचे ६ लाख हातात आले आहेत. २७ मार्चपासून परदेशी विमानं पूर्वीसारखी सुरू झाली, अजिंठ्यालाही गर्दी दिसते. एका विमान कंपनीचा शेअर कोरोनाआधीच्या निम्म्या भावात मिळतोय. ४ लाख टाकू का? जूनमध्ये ३ एकर मृगबाग (पावसाच्या सुरुवातीची केळी लागवड) लावायची आहे, सोसायटीचं सव्वा लाख पीककर्ज फेडायचं आहे.

उत्तर: नका टाकू. प्रवासी परत येतील हा तुमचा अंदाज मला पटतो. पण माल उठला म्हणजे पैसा सुटलाच असं नसतं. कापणी, गाडीभाडं, कटती (व्यापारी कापून घेतो ती घट) गेल्यावर काय उरतं ते तुम्ही दर हंगामात पाहता. विमान कंपनीची कापणी-कटती फार जड असते.

आपल्याकडे तिच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा इंधनाचा. ते जीएसटीत नाही, त्यावर राज्यांचा व्हॅट लागतो. मार्च २०२२ मध्ये दिल्लीत विमान इंधनानं पहिल्यांदाच किलोलिटरला १ लाखाचा टप्पा ओलांडला. बहुतेक विमानं भाड्याची, आणि ते भाडं डॉलरमध्ये. रुपया घसरला की विमान जागेवर उभं असलं तरी बोजा वाढतो. तिकीट मात्र रुपयात विकायचं, तेही स्पर्धेत. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, आकासा ही नवी विमान कंपनीही तेव्हा येऊ घातली होती.

निम्म्या भावाचं गणित नीट बघा, कारण बहुतेक गुंतवणूकदार इथेच फसतात. भाव निम्मा झाला तरी कंपनी निम्म्या किमतीत मिळते असं नाही. दोन वर्षांच्या तोट्यानं भांडवल खाल्लं की कंपनी कर्ज काढते किंवा नवे शेअर विकते. समजा ६० कोटी शेअर आहेत आणि चांगल्या वर्षी नफा ३०० कोटी: शेअरमागे ५ रुपये. तगण्यासाठी आणखी ४० कोटी शेअर काढले, तर तोच ३०० कोटी नफा परत आला तरी शेअरमागे ३ रुपयेच. विमानं भरली, तुमचा वाटा आटला. २०२० मध्ये लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीला ९ अब्ज युरोंची मदत मिळाली, तेव्हा जर्मन सरकारनं नवे शेअर घेऊन २० टक्के हिस्सा घेतला. एवढी मोठी कंपनीही वाचली ती जुन्या भागधारकांचा वाटा कमी करूनच.

कंपनी बुडालीच तर कर्मचारी, बँका, विमानमालक, इंधनवाले रांगेत पुढे. भागधारक सर्वांत शेवटी. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या पुनरुज्जीवन योजनेत सामान्य भागधारकांच्या वाट्याला १ टक्काही राहिला नाही.

अजिंठ्याच्या गर्दीबद्दल. शनिवार-रविवारी फर्दापूरला दिसणाऱ्या गाड्या बहुतेक आसपासच्या जिल्ह्यांतून येतात. त्यातला एक रुपयाही विमान कंपनीकडे जात नाही. परदेशी पर्यटक २०१९ मध्ये देशात १ कोटी ९ लाख आले होते, २०२१ मध्ये जेमतेम १५ लाख. अजिंठ्याला आवर्जून येणारे जपानी पाहुणे तर एप्रिल २०२२ मध्येही त्यांच्याच देशाच्या निर्बंधांत अडकले होते. आणि जळगावचाच अनुभव घ्या: डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतून मुंबईचं विमान सुरू झालं, सरकारी मदत असूनही टिकलं नाही.

आता तुमचे ६ लाख. ५ बाय ५ फुटांवर एकरी साधारण १,७४० रोपं, म्हणजे ३ एकरांना ५,२२०. टिश्यूकल्चर रोप १५ रुपयांना धरलं तर ७८,३०० रुपये नुसत्या रोपांचे. मशागत, ठिबकची दुरुस्ती, खतं, मजुरी धरून सव्वादोन लाख बाजूला काढा. सव्वा लाख सोसायटीचे: मुदतीत फेडलं तरच व्याजात ३ टक्के सवलत मिळते, ती घालवू नका. घरखर्चाला दीड लाख ठेवाच, कारण मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होते हे रावेरमध्ये कुणाला सांगायला नको. उरला १ लाख. मोकळा पैसा तेवढाच आहे, ४ लाख नाही.

लागवडीचा आणि घरखर्चाचा पैसा बँकेत किंवा लिक्विड फंडात (चटकन काढता येणारा, कमी जोखमीचा म्युच्युअल फंड). १ लाखातले ९०,००० निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांत पैसा वाटणारा फंड), दरमहा ९,००० प्रमाणे १० हप्त्यांत, आणि ५-७ वर्षं हात लावू नका. विमानाची हौस उरलेल्या १०,००० वर भागवा. तेही तिमाही निकाल वाचून: नक्त मालमत्ता उणे आहे का (म्हणजे मालमत्तेपेक्षा देणी जास्त), कंपनी चालू राहण्याबद्दल ऑडिटरनं शंका नोंदवली आहे का, प्रवर्तकांचे (कंपनीच्या मुख्य मालकांचे) शेअर गहाण आहेत का. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर "हो" आलं तर ते १०,००० सुद्धा इंडेक्स फंडात.

एक गोष्ट शेतकरी हमखास विसरतात. शेती उत्पन्नाला कर नाही म्हणून विवरणपत्र भरत नाहीत, आणि शेअरमध्ये तोटा झाला की तो वाया जातो. मुदतीत विवरणपत्र भरलं, तर हा तोटा पुढची ८ वर्षं शेअरच्या नफ्यातून वजा करता येतो. तोही शेअर विकला तरच. व्यवहार बंद पडलेला शेअर डीमॅटमध्ये नुसता पडून राहिला तर तोटा दाखवता येत नाही.