पन्नाशीनंतरचं होस्टेल

प्रश्न : वय ५६. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. जर्मनीत लाइपझिगला सहा महिन्यांच्या जर्मन भाषेच्या वर्गाला प्रवेश मिळालाय. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचं मनात आहे. या वयात खोली मिळेल का? पैशांचं आणि कागदपत्रांचं आधी काय बघावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खोली मिळेल, पण कुठली, हे नीट समजून घ्या. सर्वांत स्वस्त वसतिगृहं 'श्टुडीरेंडनवेर्क' ही सार्वजनिक संस्था चालवते. ती साधारणपणे विद्यापीठात नाव नोंदवलेल्यांनाच मिळतात. नुसता भाषावर्ग करणारे त्यात बसत नाहीत, मग वय २० असो की ५६. तिथल्या प्रतीक्षायादीत महिने घालवू नका. भाषाशाळेच्या स्वतःच्या खोल्या, खासगी विद्यार्थी-निवास किंवा 'वेगे' म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट, यांतूनच निवडायचं आहे.

पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा : लिफ्ट आहे का, बाथरूम कितीजणांत, स्वयंपाकघर कितीजणांत, आणि 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' मिळेल का. शेवटचा शब्द उच्चारता येईपर्यंत निम्मा कोर्स संपेल, पण सगळं त्यावर अडतं. ही आहे घरमालकाची सही असलेली 'ही व्यक्ती माझ्याकडे राहायला आली' अशी चिठ्ठी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करावी लागते आणि या चिठ्ठीशिवाय ती होत नाही. नोंदणीचा कागद नसेल तर निवास परवान्याचं काम पुढे सरकत नाही, बऱ्याच बँका खातंही उघडत नाहीत आणि चालू खातं नाही तर तुमच्या ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच सोडणाऱ्या खात्यातले, दरमहाचे पैसे अडकून पडतात. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून ती निघण्यापूर्वीच ऑनलाइन घेऊन ठेवा. 'चिठ्ठी देता येणार नाही' असं मालक म्हणाला, तर खोली कितीही देखणी असो, सोडा. खोली न दाखवता, करार न करता आधी पैसे मागणाऱ्यालाही लांबूनच नमस्कार.

अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्टमीटं'एवढी, म्हणजे हीटिंग वगैरे धरल्याशिवायच्या नुसत्या भाड्याएवढी, असू शकते. ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा कायदेशीर हक्क भाडेकरूला आहे. खोली ताब्यात घेताना हस्तांतराच्या यादीत भिंतीवरचा ओरखडा, गादीवरचा डाग, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. नाहीतर निघताना ते तुमच्या नावावर जातं. त्याच दिवशी टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. पत्त्यात खोली क्रमांक असला तरी पेटीवर नाव नसेल, तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड, सरकारी पत्रं, सगळं टपालानंच येतं. त्यात रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही असेल : दरमहा १८.३६ युरो, टीव्ही असो-नसो. 'वेगे'त हे शुल्क सगळ्यांत मिळून एकच, पण सार्वजनिक पॅसेजमध्ये दार उघडणारी वसतिगृहाची खोली स्वतंत्र घर धरली जाते.

विम्याच्या बाबतीत मात्र वय खरंच आडवं येतं. विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्यविमा तिशीपर्यंतच, आणि तोही विद्यापीठात नाव असणाऱ्यांना. तुम्हाला खासगी पॉलिसी लागेल. त्यात आधीपासूनच्या आजारांचं कलम शोधून वाचा. रक्तदाब, मधुमेह बऱ्याचदा वगळलेले असतात. औषधं स्वतःपुरती, तीन महिन्यांना पुरतील एवढीच न्या. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण तिथल्या दुकानात आपला ब्रँड ओळखणार नाहीत.

प्रश्न : तूप, मसाले, कुकर नेऊ का? फोडणी चालते का?
— तीच वाचक

उत्तर : तूप, पेढे, खव्याची बर्फी राहू द्या. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, थोडेसेसुद्धा. तिथे 'बुटरश्माल्त्स' मागा. ते कढवलेलं लोणीच आहे. 'क्वार्क' चक्क्याच्या जागी चालतो, श्रीखंड होतं. गोडा मसाला, मेतकूट, सुकी आमसुलं खुशाल न्या.

कुकर तीन लिटरचा, इंडक्शन तळाचा स्टीलचा घ्या. अॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, आणि गोल बुडाची कढई सपाट काचेच्या शेगडीवर टेकत नाही. काचेची विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे आपल्या सवयीनं 'गॅस बंद' केला की मोहरी, हिंग करपतात. नऊ आकड्यांच्या शेगडीवर सहा-सातवर तेल तापवा आणि मोहरी तडतडली की कढई उचलून बाजूला ठेवा. मिरची टाकल्याबरोबर झाकण. धूर झालाच तर खिडकी उघडा, पॅसेजचं दार मात्र उघडू नका. बाहेरचा धूरसूचक कित्येक इमारतींत थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो आणि उगाच आलेल्या बंबाचं बिल तुमच्याकडे येऊ शकतं. रात्री दहानंतर कुकर नको. शिट्टी म्हणजे काय, हे शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

एक आगाऊ सल्ला : मुलं विशीतली असतात, बेसिनमध्ये भांडी तशीच टाकतात. पहिल्या आठवड्यात ती तुम्ही घासलीत, तर सहा महिने तुम्हीच घासाल. भिंतीवरच्या 'पुत्सप्लान'वर, सफाईच्या पाळीपत्रकावर, आपलं नाव असेल तेवढंच करा.

प्रश्न : वय ४८, ग्योटिंगनला आहे. खिडकी दिवसभर थोडी किलकिली ठेवतो, तरी कोपऱ्यात काळी बुरशी आली.
— एक वाचक, मूळ सांगलीचे

उत्तर : किलकिल्या खिडकीमुळेच ती आली. हीटर चालू आणि खिडकी वरून तिरकी, असं ठेवलं की हवा बदलत नाही, नुसती खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि तिथं बाष्प साचतं. दिवसातून तीनदा हीटरची कळ शून्यावर आणा, खिडकी पूर्ण उघडा, हिवाळ्यात पाच मिनिटं. मग बंद करून कळ तीनवर; म्हणजे साधारण २० अंश. कपडे खोलीत वाळवत असाल तर त्या वेळी आणखी एकदा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा. डाग घरमालकाला आत्ताच लेखी कळवा; तोंडी सांगितल्याचा पुढे काही उपयोग होत नाही.